सीईटीचा आकडा वाचायचा कसा

एमएचटी-सीईटीवर, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतीच्या प्रवेशासाठी राज्यात होणाऱ्या परीक्षेवर, एकदा सविस्तर लिही, असं ओळखीतले बरेच जण म्हणत होते. आमचं दुकान सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून थोडं आत. झेरॉक्स, प्रिंट, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत निम्मं काम बारावीच्या मुलांचं असतं. सीईटीचा फॉर्म, प्रवेशपत्र, निकाल, मग कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी, कागदपत्रं, कॉलेजांचा पसंतीक्रम. मी गणितात बी.एस्सी. केलंय, त्यामुळे फॉर्म भरता भरता पोरं शंका काढतात आणि मीही मागची रांग थांबवून बोलत बसते. या भागात मला सगळे अक्काच म्हणतात, मराठी घरातलेही.

आमच्याकडे येणारे आईबाप यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, शिलाईवर राबणारे. काही आया घरी विड्या वळतात. बचत गटातून नाहीतर पतपेढीतून उचल घेऊन क्लासची फी भरली जाते. आणि फी भरून झाल्यावर, कधी कधी तर परीक्षेच्या आठवड्यात, मला विचारतात, "अक्का, यात उत्तर चुकलं की मार्क कापतात का?" शेजारी उभ्या असलेल्या मुलालाही ते ठामपणे सांगता येत नाही. याचा मला फार त्रास होतो. परीक्षा काय मोजते आणि कशी मोजते हे आधी कळायला हवं. ते कळायला पैसे लागत नाहीत, एक संध्याकाळ लागते. क्लास लावायचा की नाही, कुठला लावायचा, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

तर पेपर. पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा. फिजिक्सचे ५० प्रश्न आणि केमिस्ट्रीचे ५०, प्रत्येकी एक गुण, दोन्हींना मिळून ९० मिनिटं. मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, त्यालाही ९० मिनिटं. पीसीबीला फिजिक्स-केमिस्ट्री तसंच, आणि मॅथ्सच्या जागी बायोलॉजीचे १०० प्रश्न, एकेका गुणाचे, ९० मिनिटांत. सगळे प्रश्न चार पर्यायांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते. स्क्रीनवर वेळ उलटा पळत असतो आणि बाजूला प्रश्नांचे आकडे असतात, सोडवलेले, सोडून दिलेले, पुन्हा बघायचे, सगळे वेगवेगळ्या रंगांत. पहिली ९० मिनिटं संपल्याशिवाय मॅथ्सचा भाग उघडत नाही, आणि तो उघडला की फिजिक्स-केमिस्ट्रीकडे परत जाता येत नाही. हे ज्या मुलाला परीक्षेच्या खोलीतच पहिल्यांदा कळतं त्याचे हातपाय गार पडतात. सराव परीक्षा संगणकावर देऊन बघा, म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागते. आमच्या दुकानात बसून दिली तरी चालेल, मोबाइलवर मात्र देऊ नका. मोबाइलच्या पडद्यावर तो अंदाज येत नाही.

आता वेळेचा हिशेब करा. फिजिक्स-केमिस्ट्रीत १०० प्रश्न आणि ५,४०० सेकंद, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्समध्ये एका प्रश्नाला १०८ सेकंद. मुलं मॅथ्सला घाबरतात, पण श्वास घ्यायला जागा तिथेच जास्त आहे. बोर्डाच्या परीक्षेत जो मुलगा सुंदर अक्षरात, पायरी-पायरीने लिहितो, त्याला ५४ सेकंदांची सवय नसते. तो हुशार असतो, फक्त त्याने या चालीने कधी सोडवलेलं नसतं.

एक उदाहरण मी सगळ्यांना कागदावर करून दाखवते. बारावीच्या फिजिक्समध्ये ऑसिलेशन्सचा धडा आहे. बोर्डाला विचारतात, सरल आवर्त गती करणाऱ्या कणाच्या गतिज आणि स्थितिज ऊर्जेची सूत्रं काढा. मुलं अर्धं पान भरून काढतात, पाठ असतं. सीईटीच्या धाटणीत तोच धडा असा येतो: विस्थापन किती असताना दोन्ही ऊर्जा सारख्या होतील? चार पर्याय समोर. ज्याला कळलंय की स्थितिज ऊर्जा विस्थापनाच्या वर्गावर चालते आणि एकूण ऊर्जा आयामाच्या वर्गावर, तो मनातच म्हणतो, स्थितिज ऊर्जा एकूण ऊर्जेच्या निम्मी हवी, म्हणजे विस्थापनाचा वर्ग आयामाच्या वर्गाच्या निम्मा, म्हणजे आयाम भागिले वर्गमूळ दोन. पंधरा-वीस सेकंदांत झालं. ज्याने फक्त पाठ केलंय तो पहिल्या ओळीपासून अख्खी सिद्धता लिहायला घेतो आणि तिथेच त्याची दोन मिनिटं जातात. धडा तोच, पुस्तक तेच. मॅथ्समध्ये तर याहून सोपी वाट असते. इंटिग्रेशनचा प्रश्न अडला तर पर्यायांचं डिफरन्सिएशन करून बघा, मूळ फंक्शन ज्यातून निघेल ते उत्तर. डिफरन्शियल इक्वेशनचं उत्तर पर्याय समीकरणात घालून तपासता येतं. ही काही चोरवाट नव्हे. दोन्ही क्रिया एकमेकींच्या उलट आहेत हे समजल्याचीच ती खूण.

अभ्यासक्रमाबद्दल फार गैरसमज आहेत. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर. अकरावीचंही अख्खं पुस्तक नाही, ठरावीक धडे. फिजिक्सला ग्रॅव्हिटेशन, लॉज ऑफ मोशन, साउंड, ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, सेमीकंडक्टर्स वगैरे. मॅथ्सला स्ट्रेट लाइन, सर्कल, प्रोबॅबिलिटी, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, लिमिट्स असे. यादी परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असते, ती त्या-त्या वर्षाचीच बघायची. माझ्या अनुभवात अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष असंच बहुतेक घरांत धरलं जातं. दहावी झाली, बारावी पुढे आहे, मधे जरा दम. मग बारावीच्या जानेवारीत पोरगं इलेक्ट्रोस्टॅटिक्स उघडून बसतं, कारण त्याशिवाय बारावीचं पुढचं काही समजत नाही. पुस्तकं मात्र आपलीच, बालभारतीची, आणि ती ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. जाड गाइडं नंतर बघू. आधी पुस्तकातली स्वाध्यायाची पानं पूर्ण सुटली का, ते मी विचारते. बहुतेकांची सुटलेली नसतात.

माहितीपुस्तिकेत असं लिहिलेलं असतं की फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सची काठिण्यपातळी जेईई मेनच्या तोडीची आणि बायोलॉजीची नीटच्या तोडीची, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षांएवढी. हे वाचून घाबरलेली एक आई माझ्याकडे आली होती. तिला वाटलं, मोठ्या क्लासेससाठी कोटा नाहीतर लातूर गाठल्याशिवाय इलाज नाही. मी तिच्या मुलीला दुकानातच सराव प्रश्नसंच सोडवायला बसवलं. ज्या धड्यांवर तिची पकड होती तिथे निम्म्याहून जास्त सुटले. बाकीचे का सुटले नाहीत हेही तिचं तिलाच दिसलं. लातूरला जाणाऱ्यांनी जावं, तिथे मेहनत करून घेतात याबद्दल शंका नाही. पण घर सोडून, कर्ज काढून जायचा निर्णय पुस्तिकेतल्या एका ओळीला घाबरून घेऊ नये.

भाषेचंही सांगते. फॉर्म भरतानाच माध्यम निवडावं लागतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी इंग्रजी, मराठी किंवा उर्दूत मिळतं, मॅथ्स फक्त इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमात शिकलेली मुलं आमच्याकडे येतात आणि मातृभाषेच्या ओढीने मराठी म्हणतात. मी विचारते, अकरावी-बारावीला इंग्रजीतून शिकलास ना? मग 'टॉर्क' म्हटल्यावर तुला जे चटकन आठवतं, ते 'बल आघूर्ण' वाचून आठवेल का? ज्या भाषेत विषय शिकलात ती निवडा. मराठीवर माझं किती प्रेम आहे ते हे लिखाण वाचणाऱ्यांना सांगायला नको, पण त्या ५४ सेकंदांत शब्द ओळखण्यात वेळ जाऊ नये.

गुण कापले जात नाहीत, हा नियम वरवर साधा वाटतो. त्याची किंमत मात्र फार मोठी आहे. नीट आणि जेईई मेनला बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. दोन वर्षं त्या परीक्षांची तयारी केलेल्या मुलांच्या अंगात एक सवय भिनते: खात्री नसेल तर सोडून द्या. तीच मुलं सीईटीला येतात आणि वीस-पंचवीस प्रश्न कोरे ठेवून उठतात. चार पर्यायांतून डोळे झाकून निवडलं तरी सरासरीने चारांत एक बरोबर येतो. मॅथ्सचे दहा प्रश्न असे भरले तर सरासरी पाच गुण. एखादा पर्याय नक्की चुकीचा आहे एवढं जरी कळलं तर त्याहून जास्त. शेवटची तीन मिनिटं यासाठीच राखून ठेवा, एकही प्रश्न कोरा नको. पाच गुणांनी काय होतं असं कुणी म्हणेल. काय होतं ते पर्सेंटाइल कळल्यावर दिसतं, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याबद्दलच.

निकालाच्या दिवशी एक बाप आले होते, यंत्रमागावरून तसेच, केसांत कापसाची तूस. मुलीची प्रिंट हातात घेतली आणि चेहरा फुलला. "पंच्याऐंशी पडले की, अक्का! दहावीला बहात्तर होते. पोरगी सुधारली." त्याच तासात दुसरे एक गृहस्थ मुलावर ओरडत होते, कारण उत्तरतालिकेवरून मोजल्यावर २०० पैकी १०४ भरले होते. "दोन वर्षं क्लास लावून निम्मेच?" त्या मुलाचं पर्सेंटाइल नव्वदच्या वर होतं. जिच्या घरी पेढे वाटले गेले तिच्यापुढे हा मुलगा बराच पुढे होता आणि तोच मान खाली घालून उभा होता. मी दोघांनाही बसवून घेतलं.

आमच्याकडे पाण्याच्या दिवशी टँकर येतो तेव्हा हंड्यांची रांग लागते. तुमचा हंडा केवढा आहे हे तिथे कुणी विचारत नाही, तुमच्या मागे किती जण आहेत त्यावर सगळं ठरतं. पर्सेंटाइल ही ती जागा आहे. समजा एका सत्राला २०,००० मुलं बसली. तुम्हाला धरून, तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण असलेली मुलं १७,००० आहेत. १७,००० भागिले २०,०००, गुणिले १००. आलं ८५. यात तुम्हाला २०० पैकी किती मिळाले हे कुठेच दिसत नाही. १०० पैकी १५ जण तुमच्या पुढे आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. पीसीएमला राज्यभरातून चार लाखांहून जास्त मुलं बसतात. चार लाखांचे १५ टक्के म्हणजे ६०,००० मुलं पुढे. एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुलं. म्हणून गुणपत्रावर आकडा दशांशानंतर सात घरांपर्यंत छापलेला असतो. त्या बापांना हे सांगताना मला बरं वाटत नव्हतं, पण पसंतीक्रम भरताना चुकीची आशा धरली तर जास्त वाईट झालं असतं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे पोरीच्या मागं पण लई जण हायत की." आहेतच. ८५ काही कमी नाही, फक्त ते दहावीच्या ७२ शेजारी ठेवायचं नाही.

आणि गर्दी सगळीकडे सारखी नसते. अगदी वर मुलं विरळ, मधल्या गुणांना मात्र नुसती झुंबड. त्या गर्दीत असलेल्या मुलाचे पाच गुण वाढले तर तो हजारो मुलांना ओलांडतो. म्हणून कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांचा मला एवढा राग येतो. हुशार मुलाचं त्याने थोडं नुकसान होतं, मधल्या मुलाचं खूप.

गुणपत्रावर विषयवार पर्सेंटाइल आणि एकूण पर्सेंटाइल असे वेगवेगळे आकडे असतात. एक मुलगी गोंधळून आली होती. फिजिक्स ८८, केमिस्ट्री ९०, मॅथ्स ९१, आणि एकूण ९२ च्या पुढे. तिला वाटलं छापण्यात चूक झाली. सरासरी सगळ्यांत मोठ्या आकड्यापेक्षा मोठी कशी? पण ती सरासरी नाहीच. एकूण पर्सेंटाइल २०० पैकीच्या बेरजेवर पुन्हा नव्याने काढतात. मॅथ्समध्ये तिच्या पुढे असलेली कितीतरी मुलं केमिस्ट्रीत मागे पडली, केमिस्ट्रीतली काही फिजिक्समध्ये. ती तिन्हींत टिकून राहिली म्हणून बेरजेत पुढे गेली. हिशेब पटल्यावर तिने तो माझ्याकडून वहीत लिहून घेतला, वर्गातल्यांना दाखवायला. यातूनच हेही कळतं की २०० पैकी १०० गुण एकट्या मॅथ्सचे आहेत. इंजिनिअरिंगला जायचंय आणि मॅथ्स सोडून बाकी पक्कं करतो, असं म्हणणारी मुलं स्वतःचा अर्धा पेपर सोडून देतात. समान पर्सेंटाइल असलेल्यांत पुढे कोण हे ठरवतानाही आधी मॅथ्सच बघतात.

सगळ्यांची परीक्षा एका दिवशी होत नाही. अनेक दिवस, सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ५ अशी सत्रं, प्रत्येक सत्राला वेगळा पेपर. मग "पहिली शिफ्ट सोपी, शेवटची अवघड" अशा अफवा सुटतात. तुमची तुलना तुमच्या सत्रातल्या मुलांशीच होते. पेपर अवघड आला तर तो त्या सत्रात सगळ्यांनाच अवघड, त्यामुळे कमी गुणांतही तीच जागा मिळते. दोन सत्रांतल्या दोन मैत्रिणींचे गुण वेगळे आणि पर्सेंटाइल एकच, असं होऊ शकतं. पद्धत सत्रावर उभी असल्यामुळेच २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले, तेव्हा फक्त त्या सत्राची फेरपरीक्षा ५ मेला घेतली गेली. त्या मुलांनी पुन्हा पेपर द्यायचा, तोही अशा उन्हात, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. परीक्षा घेणाऱ्यांनी पेपर स्क्रीनवर आणण्याआधी नीट तपासावा एवढी अपेक्षा तरी करायला हवी.

दुपारचं सत्र मिळालं तर सोलापूरच्या मुलांनी एक ध्यानात ठेवावं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो आणि केंद्र बहुधा गावाबाहेर. आदल्या दिवशी जाऊन रस्ता बघून या. रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका. प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र एकाच पाकिटात ठेवा.

घरातल्या मोठ्यांचा सल्ला जुना असतो हेही जपून सांगावं लागतं. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्यातले इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेन आणि बारावीचे गुण, निम्मे-निम्मे धरून झाले. २०१६ पासून पुन्हा सीईटी. माझ्या धाकट्या भावाचा प्रवेश २०१४ चा, म्हणून आजही तो भाच्यांना सांगतो, बोर्डाचे मार्क गुणवत्ता यादीत धरतात. आता सीईटीची यादी पर्सेंटाइलवर लागते. बारावीला खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के लागतात, ठरावीक विषयांत. तेवढं जमलं नाही तर ९९ पर्सेंटाइलही वाया जाईल, म्हणून बोर्डाकडे पाठ फिरवायची नाही. वैद्यकीयला नीटच. पीसीबीच्या सीईटीवर फार्मसी आणि शेतीचे अभ्यासक्रम. आमच्या भागातल्या बऱ्याच मुली फार्मसीला जातात.

कॅपबद्दल स्वतंत्र लिहावं लागेल, इथे दोन-तीन गोष्टीच. पसंतीक्रम भरताना नाव शेवटपर्यंत वाचा. यादीत सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आहे आणि सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. "वालचंद टाका" एवढं सांगून बाप चहा प्यायला जातो आणि मुलगा जे आधी दिसेल ते निवडतो. दोन्ही चांगली, पण एक घरापासून रिक्षाच्या अंतरावर आणि दुसऱ्यासाठी खोली घ्यावी लागणार. दुसरं, यादीत प्रत्येक कॉलेज-शाखेला कोड असतो, त्याच्या शेवटी इंग्रजी 'टी' असलेले पर्याय वेगळे भरायचे. ती ट्यूशन फी माफीची जागा असते, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्यांसाठी, आणि ती फक्त कॅपमधूनच मिळते. तेच कॉलेज, तीच शाखा, दोन ओळी. माहीत नसल्यामुळे एक ओळ राहते आणि चार वर्षांची फी अंगावर पडते. मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आली आहे. त्यालाही उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. "थेट कॉलेजात जाऊन नक्की करतो" म्हणणाऱ्या पालकांना मी हात जोडून थांबवते.

तिसरं, फेऱ्या. २०२५ ला चार होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागायची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तर, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या सहा ओळींत "बघू तर खरं" म्हणून काहीही टाकायचं नाही. जिथे खरंच जायचंय तेच वर. नियम दरवर्षी बदलू शकतात, त्या वर्षीची पुस्तिका उघडून बघा.

या वर्षी अकरावीत असलेल्यांनी दोन कामं आत्ताच उरकावीत. राखीव प्रवर्गातले असाल तर जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत टाका. निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांचे हाल मी दर जुलैत बघते, चांगल्या पर्सेंटाइलची मुलं एका कागदासाठी खुल्या यादीत जातात. नॉन-क्रीमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला सेतूतून वेळेत काढा, त्यावरची मुदतीची तारीख वाचा. आणि अकरावीची पुस्तकं ई-बालभारतीवरून घ्या. मोबाइलमध्ये जागा नसेल तर पेनड्राइव्ह घेऊन दुकानात या, मी भरून देते, त्याचे पैसे नाहीत. छापून हवी असतील तर आधी सीईटीच्या यादीवर धडे खुणा करून आणा. तेवढीच पानं छापू, अख्ख्या पुस्तकाचा खर्च करू नका.